पाठीकडून उघडा कोट : १९५४ च्या एका रेखाटनाचा प्रकरण अभ्यास

१९५४ सालच्या अखेरीस पॅरिसमध्ये एका स्पर्धेचा निकाल लागला. स्पर्धा स्त्रियांच्या कपड्यांच्या रेखाटनांची होती, ती भरवणारी संस्था लोकर उत्पादकांची होती, आणि परीक्षकांत पिएर बालमँ व उबेर द जिव्हाँशी हे त्या वेळी स्वतःची दुकाने चालवणारे दोन कुत्युरिए, म्हणजे गिऱ्हाइकाच्या मापावर बेतून बहुतांशी हाताने शिवलेले उंची कपडे करणारे कारागीर-मालक, बसले होते. पोशाखाच्या विभागात पहिला आला अल्जीरियातल्या ओरान शहरातला अठरा वर्षांचा इव्ह सँ लोराँ. कोटाच्या विभागात पहिला आला हँबुर्गहून पॅरिसला येऊन राहिलेला एकवीस वर्षांचा कार्ल लागरफेल्ड.

पुढे ही दोन्ही नावे इतकी मोठी झाली की त्या निकालाची गोष्ट नेहमी दोघांच्या आयुष्यभराच्या चुरशीची नांदी म्हणूनच सांगितली जाते. त्या वेळच्या छायाचित्रात दोन पोरसवदा मुले उभी आहेत, शेजारी त्यांचे कपडे घातलेल्या मॉडेल आहेत, आणि सांगणाऱ्याचे लक्ष पोरांच्या चेहऱ्यांवर असते. कोट बाजूलाच राहतो. मला वाटते, या प्रकरणात शिकण्यासारखे जे आहे ते कोटात आणि त्याच्या कागदात आहे. चुरशीची गोष्ट नंतर रचली गेली, कोट मात्र त्या दिवशी खरोखर समोर उभा होता.

कोट लोकरीचा, डॅफोडिलच्या फुलासारखा पिवळा. समोरून गळा नावेच्या काठासारखा आडवा, वर घेतलेला, म्हणजे पुढून पाहणाऱ्याला तो अगदी सोवळा दिसावा असा. आणि पाठीकडे गळा खोल व्ही आकारात खाली उतरलेला. एका वाक्यात सांगता येईल एवढीच ही कल्पना आहे. थंडी अडवण्यासाठी जे वस्त्र घालायचे, त्याची पाठच उघडी ठेवायची. व्यवहारी माणूस या कल्पनेला हसेल, आणि त्याचे हसणे चुकीचेही नाही. प्रश्न असा की बालमँसारख्या, स्वतः रोज कोट शिवून विकणाऱ्या माणसाला हा कागद पटला कसा, आणि नुसता बक्षिसापुरता न पटता रेखाटणाऱ्याला नोकरी देण्याइतका कसा पटला.

लोकरवाल्यांना काय हवे होते

स्पर्धेमागची संस्था म्हणजे आंतरराष्ट्रीय लोकर सचिवालय. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या तीन देशांतल्या मेंढपाळांनी १९३७ साली ती उभी केली होती, आणि तिचे काम एकच होते : जगाने लोकर वापरत राहावी. संस्था स्थापन झाली त्याच्या पुढच्याच वर्षी अमेरिकेत ड्युपाँ कंपनीने नायलॉन जाहीर केले, १९४१ मध्ये इंग्लंडात पॉलिएस्टरचा धागा निघाला, आणि १९५० च्या सुमारास ऑर्लॉन नावाचा, लोकरीची नक्कल करणारा अॅक्रिलिक धागा बाजारात आला. त्यातच कोरियन युद्धाच्या काळात लोकरीचे भाव अतोनात चढले आणि मग कोसळले. भाव चढला की मेंढपाळ खूश होतो, पण गिरणीमालक दुसरा धागा शोधू लागतो. आणि एकदा त्याने यंत्रे बदलली की भाव उतरले तरी तो सहसा परत येत नाही. १९५४ मधली लोकरवाल्यांची स्थिती ही होती.

अशा संस्थेने आपला पैसा पॅरिसच्या तरुण रेखाटनकारांवर खर्च करावा हे वरवर विचित्र वाटते. एका उंची दुकानात वर्षभरात खपणारी लोकर एखाद्या मध्यम गिरणीच्या एका दिवसालाही पुरणार नाही. पण पॅरिसमध्ये जे दाखवले जाई ते सहा महिन्यांत न्यूयॉर्क, लंडन, मिलानच्या तयार कपड्यांत उतरे, म्हणून पॅरिसच्या एका कोटाला धरून हजारो कोटांचे कापड विकले जाई. आणि स्त्रीच्या कपाटातला सर्वांत जास्त लोकर खाणारा कपडा कोटच. कोटाच्या जाड कापडाच्या एका चौरस मीटरला अर्धा किलो किंवा त्याहून अधिक लोकर लागते. अस्तर आणि आतला कॅनव्हास धरला तर अंगावर दोन-तीन किलो वजन सहज येते. त्यामुळे लोकरवाल्यांच्या हिशेबाने पाहिले तर पोशाखाचा विभाग शोभेचा होता आणि कोटाचा विभाग धंद्याचा. नावलौकिकाचे पारडे नंतर पोशाखाकडे झुकले, ही गोष्ट वेगळी.

तरुण माणसे शोधण्याची गरज पॅरिसलाही होतीच. मॉलिनोचे दुकान १९५० मध्ये बंद झाले होते, रोबेर पिगेचे १९५१ मध्ये, आणि एल्सा स्कियापारेलीने १९५४ मध्येच आपले दुकान मिटवले. झाक फात हा दिओरच्या बरोबरीने नाव असलेला कुत्युरिए त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने गेला. उलट बाजूला सत्तरी ओलांडलेल्या कोको शनेलने त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत पंधरा वर्षांच्या खंडानंतर पुन्हा दुकान उघडले होते. परीक्षकांत बालमँ चाळीस वर्षांचा होता आणि जिव्हाँशी सत्तावीस. नव्या हातांची वाट पाहणाऱ्या एका धंद्याने, आपल्या कापडाची वाट पाहणाऱ्या दुसऱ्या धंद्याशी केलेली ही सोयरीक होती.

रेखाटन वाचणारा माणूस

फॅशनच्या रेखाटनाबद्दल बोलताना दोन वेगळ्या वस्तूंची सरमिसळ होते. एक रेखाटन मासिकासाठी असते. ते कोट शिवून झाल्यावर काढलेले असते. कोट कसा शिवला हे सांगणे त्याचे काम नाही, तो घालावासा वाटावा एवढे त्याने साधले की झाले. रने ग्रुओने दिओरसाठी काढलेली चित्रे या जातीची : तीन-चार फटकाऱ्यांत एक स्त्री, लाल-काळा रंग, आणि बाकी मोकळा कागद. दुसरे रेखाटन कोट शिवण्याआधीचे असते. फ्रेंचमध्ये त्याला क्रोकी म्हणतात, आणि त्याचा वाचक ठरलेला असतो : कार्यशाळेची प्रमुख कारागीर, जिला प्रमिएर म्हणतात. हे रेखाटन म्हणजे तिला लिहिलेले पत्र असते.

दिओरच्या दुकानात हे पत्रव्यवहार कसे चालत याची माहिती स्वतः दिओरनेच लिहून ठेवली आहे. नवा संग्रह करायचा झाला की तो पॅरिसबाहेरच्या आपल्या घरी जाई आणि छोट्या आकाराची शेकडो रेखाटने काढी. परत आल्यावर ती प्रमिएरांमध्ये वाटली जात, आणि ज्या रेखाटनाने जिला काही सुचेल ते तिच्याकडे जावे असा त्याचा कल असे. मग प्रमिएर त्या कागदावरून कापडाचा कच्चा नमुना करी. त्याला त्वाल म्हणतात, आणि तो बहुधा आपल्याकडच्या मांजरपाटासारख्या साध्या कोऱ्या सुती कापडाचा असतो. तो डमीवर किंवा जिवंत मॉडेलच्या अंगावर चढवून, टाचण्या काढून-लावून, खांदा, मुंढा आणि घेर मनासारखा आला की मगच खऱ्या कापडाला कात्री लागे. रेखाटनात जे दिसत नाही ते सगळे या टप्प्यावर प्रमिएरला ठरवावे लागते. उत्तम रेखाटन ते, ज्यात तिला कमीत कमी अंदाज बांधावे लागतात.

यातला मोठा अडथळा असा की फॅशनचे रेखाटन मुळातच खोटे बोलते. खऱ्या बाईची उंची तिच्या डोक्याच्या साधारण साडेसात पट भरते. रेखाटनात ती साडेआठ-नऊ पट काढतात, आणि वाढवलेली सगळी उंची पायांत घालतात. अंगाला बेतलेल्या रेशमी झग्याच्या बाबतीत हे खोटे फारसे नडत नाही, कारण झगा शेवटी अंगाच्याच आकाराला येतो. कोट तसा नाही. कोटाला स्वतःचा आकार असतो, तो अंगापासून काही अंतर राखून उभा राहतो, आणि ते अंतर किती आणि कुठे हाच त्याचा सगळा विचार असतो. लांब पायांच्या आकृतीवर डौलदार दिसणारा घेर खऱ्या उंचीच्या बाईवर तंबूसारखा दिसू शकतो. म्हणून पॅरिसच्या दुकानांत झगे आणि कोट यांच्या कार्यशाळाही वेगळ्या असत : मऊ, पडणाऱ्या कापडाची फ्लू, आणि ताठ, बेतलेल्या कापडाची तायर. कोटाचे रेखाटन तायरकडे जाई, आणि तायरचे लोक रेषेच्या सौंदर्याला सहसा भुलत नसत. ते आधी शिवणी कुठे आहेत हे विचारत.

आता स्पर्धेची परिस्थिती पाहावी. दुकानात रेखाटनकार प्रमिएरच्या शेजारी उभा राहून बोट दाखवू शकतो. स्पर्धेत कागद एकटा जातो. रेखाटनकाराचे नाव कोणाला ठाऊक नसते, आणि परीक्षक एकामागून एक कागद उलटत असतात. कागद चटकन डोळ्यांत भरला नाही तर मागे पडतो, आणि नुसताच डोळ्यांत भरला, आत शिवण्यासारखे काही नसले, तर ज्याला तो शिवायचा आहे तो परीक्षक तो बाजूला ठेवतो. या स्पर्धेत ही दुसरी अट शब्दशः खरी होती, कारण विजेती रेखाटने प्रत्यक्ष कपड्यांत उतरवायची होती आणि तो भार परीक्षकांच्याच दुकानांवर होता : सँ लोराँचा पोशाख जिव्हाँशीच्या कार्यशाळेत शिवला गेला, लागरफेल्डचा कोट बालमँच्या.

पाठीचा प्रश्न

लागरफेल्डच्या कोटात एकच धाडस होते आणि ते पाठीवर होते. हे धाडस शिवणकामाच्या दृष्टीने काय मागते ते जरा सावकाश पाहू, कारण माझ्या मते या प्रकरणाचा गाभा तिथे आहे.

कोट खांद्यांवर लटकतो. त्याचे सगळे वजन मानेच्या दोन्ही बाजूंच्या खांद्याच्या शिवणींवर आणि मानेमागच्या कापडावर येते. मानेमागचा तो पट्टा दोन खांद्यांना एकमेकांशी बांधून ठेवतो. पाठीवर खोल व्ही कापला की हा पट्टाच जातो. मग दोन-तीन किलोंचा कोट दोन्ही खांद्यांना बाहेरच्या बाजूस ओढू लागतो आणि बाईने हात हलवला की खांदा दंडावर घसरतो. शिवाय व्ही च्या दोन्ही कडा कापडाच्या उभ्या-आडव्या सुतात येत नाहीत, तिरप्या येतात. आणि ज्याने कधी उरेबात कापड कापले आहे त्याला माहीत असते की तिरपी कड ताणली जाते, ढिली पडते आणि शेवटी लोंबते. जाड लोकरीत ही लोंबलेली कड लपतही नाही, अंगापासून सुटून पन्हाळीसारखी उभी राहते.

अशा कोटाला सावरायचे कसे? एक उपाय म्हणजे समोरचा गळा मानेलगत बंद ठेवणे. मागे सोडलेली बांधणी पुढे घट्ट केली की दोन खांद्यांना जोडणारा पूल पाठीऐवजी छातीवरून जातो. आता कोटाचे वर्णन पुन्हा वाचावे : पुढून आडवा, वर घेतलेला गळा, मागे खोल व्ही. पुढचा सोवळेपणा आणि मागचा धीटपणा ही नुसती नाट्यमय विसंगती नाही. एकामुळे दुसरे उभे राहते. गळा पुढेही खोल असता तर कोट अंगावर टिकला नसता, आणि मागेही बंद असता तर तो एक साधा नीटनेटका कोट झाला असता. एकवीस वर्षांच्या मुलाला हे कात्री चालवून कळले होते की डोळ्यांनी, हा वाद मी घालणार नाही. कागदावर मात्र ते बरोबर उतरले होते, आणि कोट शिवणाऱ्या परीक्षकाला ते दिसणार हे उघड आहे.

दुसरा उपाय कापडातच आहे, आणि इथे लोकरवाल्यांचे हित आणि रेखाटनकाराची कल्पना एकत्र येतात. लोकरीचा तंतू वाफेने मऊ होतो, दाबला तर आकार घेतो, थंड झाला की तो आकार राखतो. त्याच्या अंगावर खवले असतात, त्यामुळे ओल, उष्णता आणि दाब मिळाला की तंतू एकमेकांत अडकून कापड आकसते. घरी धुतलेला स्वेटर आटतो तो याच गुणामुळे. पण ज्या गुणाला गृहिणी वैतागते त्याच गुणावर चांगला कोटवाला आपले पोट भरतो. बाहीचा माथा मुंढ्यापेक्षा मोठा कापून, जास्तीचे कापड इस्त्रीच्या वाफेखाली जिरवून तो चुणीशिवाय बसवतो. तसेच व्ही ची तिरपी कड आतून सरळ सुताची अरुंद पट्टी लावून किंचित आखडून घ्यायची आणि आखडल्याने आलेली ढिलाई वाफेने जिरवायची, म्हणजे कड पाठीला चिकटून बसते. नायलॉन किंवा ऑर्लॉनमध्ये ही करामत होत नाही. उष्णता वाढवली तर तो धागा जिरण्याऐवजी मऊ पडून खराब होतो. पाठ उघडी ठेवूनही न लोंबणारा कोट लोकरीतच चांगला होतो, आणि लोकर सचिवालयाला याहून बोलकी जाहिरात मिळाली नसती.

रंगाबद्दलही एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्या काळचे प्रतिष्ठित कोट काळे, करडे, उंटाच्या रंगाचे किंवा गडद निळे असत. उजळ पिवळ्या कोटात शिवणीची प्रत्येक सावली उमटते. काळ्यात झाकली जाणारी खोट पिवळ्यात पाच पावलांवरून दिसते. म्हणजे रेखाटनकाराने आपली अवघड जागा लपवली नाही, उलट तिच्यावर उजेड पाडला. यात तारुण्याचा उद्दामपणा आहेच. पण परीक्षकाच्या बाजूने पाहिले तर पिवळ्या कोटाची पाठ नीट बसवून दाखवणे ही बालमँच्या तायर कार्यशाळेचीही परीक्षा होती.

या कोटाची उणीवही सांगितली पाहिजे. जानेवारीतल्या पॅरिसमध्ये तो घालून चालता येणार नाही. तो वसंतातल्या दुपारचा, किंवा मोटारीतून उतरून जिन्यापर्यंत जाणाऱ्या बाईचा कोट आहे. त्या काळी पाठीचा विचार करणारा सर्वांत मोठा कोटवाला होता क्रिस्तोबाल बालेन्सियागा. त्याने १९४७ पासून पुढे कोटाची पाठ अंगापासून सोडवून फुगवली, कॉलर मानेमागे सारून मान मोकळी केली, आणि तरीही कोटाचे कोटपण राखले. त्याच्या पाठीत हवा खेळते, पण ऊब जात नाही. लागरफेल्डचा कोट त्या तोडीचा नाही. बालेन्सियागाने पाठीच्या आकाराचा विचार केला होता. लागरफेल्डने पाठीवर एक चतुर निर्णय घेतला. स्पर्धेच्या कागदाला मात्र चतुर निर्णय जास्त मानवतो, कारण आकाराचा बारकावा अंगावर चढल्याशिवाय कळत नाही आणि निर्णय कागदावरच कळतो.

एरवी ज्यांना रेखाटन नको असे

या स्पर्धेची एक बाजू सहसा कोणी बोलून दाखवत नाही. जी दुकाने इथे अनोळखी पोरांकडून रेखाटने मागवत होती, तीच दुकाने आपल्या दालनात कोणी पेन्सिल काढली तर त्याला बाहेर काढत असत. संग्रह दाखवताना पाहुण्यांना रेखाटन करण्याची मनाई असे. परदेशी खरेदीदारांकडून आत येण्यापूर्वीच ठराविक खरेदीची हमी घेतली जाई. वृत्तपत्रांना ठरलेल्या तारखेआधी चित्रे छापता येत नसत. तरीही चोरी होई, कारण चोर कागदावर काढत नसे, डोक्यात साठवत असे : चार-पाच कोट पाहायचे, बाहेर पडून जवळच्या कॅफेत बसायचे आणि आठवणीतून ते उतरवायचे.

फ्रान्सने याविरुद्ध १२ मार्च १९५२ रोजी हंगामी वेशभूषा उद्योगांतल्या नकलेला शिक्षा देणारा खास कायदा केला. अमेरिकेत तसा कायदा नव्हता. तिथे न्यूयॉर्कमध्ये मिल्टन नावाच्या व्यावसायिकाची रेखाटन-सेवा चाले, जी पॅरिसच्या नव्या कपड्यांची चित्रे वर्गणीदार कारखानदारांना पुरवी. दिओर आणि इतर फ्रेंच दुकाने तिच्याविरुद्ध न्यायालयात गेली, आणि १९५६ मध्ये तिथल्या न्यायालयाने अनुचित स्पर्धेच्या आधारे त्यांचा दावा चालण्याजोगा ठरवला. म्हणजे ज्या वर्षांत लागरफेल्ड रेखाटनाच्या बळावर आत शिरला, त्याच वर्षांत दुसरी माणसे रेखाटनाच्याच बळावर माल बाहेर नेत होती. हात तोच, पेन्सिल तीच. फरक एवढाच की चोराच्या रेखाटनाला शिवलेला कोट आधी लागतो, आणि या मुलाच्या रेखाटनाआधी कोट नव्हता.

सँ लोराँच्या बाबतीत ही दोन टोके जवळजवळ एकत्र आली. फ्रेंच व्होग या फॅशन मासिकाचे संपादक मिशेल द ब्रुनॉफ यांना त्याने नवी रेखाटने दाखवली, तेव्हा ते चकित झाले, कारण ती दिओरच्या येऊ घातलेल्या ए-आकाराच्या संग्रहाशी विलक्षण मिळतीजुळती होती, आणि तो संग्रह बाहेर कोणी पाहिलेला नव्हता. दुसऱ्या कोणावर चोरीचा आळ आला असता. द ब्रुनॉफ यांनी मुलाला सरळ दिओरकडे पाठवले आणि दिओरने १९५५ मध्ये त्याला कामावर घेतले. ऑक्टोबर १९५७ मध्ये दिओर वारला तेव्हा एकविसाव्या वर्षी ते दुकान त्याच्या हाती आले.

कोटापासून नोकरीपर्यंत

लागरफेल्डचा रस्ता वेगळा होता, आणि या प्रकरणात तो जास्त उद्बोधक आहे. सँ लोराँला त्याच्या रेखाटनांनी दिओरकडे नेले. लागरफेल्डला त्याच्या कोटाने, म्हणजे रेखाटनावरून शिवून झालेल्या वस्तूने, बालमँकडे नेले. बालमँच्या कार्यशाळेने तो कोट शिवला, आणि शिवता शिवता त्यांना कळले असणार की या मुलाच्या कागदावरून काम करता येते. १९५५ मध्ये बालमँने त्याला सहायक म्हणून ठेवले. बक्षीस हे निमित्त झाले. नोकरी मिळाली ती त्वाल आणि कात्री यांच्या कसोटीवर. स्पर्धेत जिंकून विसरले गेलेले रेखाटनकार काही थोडे नसतात, आणि माझा अंदाज असा की त्यांतल्या बहुतेकांचा कागद सुंदर होता, पण तो शिवणाऱ्याला फार प्रश्न विचारावे लागले.

पुढची सहा दशके हा माणूस फ्रान्स आणि इटलीत एकाच वेळी अनेक दुकानांसाठी काम करत राहिला : क्लोए, १९६५ पासून फेंदी, १९८३ पासून शनेल. एका माणसाला इतकी घरे सांभाळता आली याचे एक कारण त्याच्या रेखाटनात होते. प्रत्येक कार्यशाळेत रोज जाऊन उभे राहणे त्याला शक्य नव्हते. कागद गेला की काम सुरू व्हावे अशीच त्याची व्यवस्था होती. २०२३ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने त्याच्यावर प्रदर्शन भरवले, तेव्हा त्याची मांडणीच रेखाटन आणि तयार कपडा यांच्या नात्यावर केली आणि त्याच्या प्रमिएरांना बोलते केले. त्याची खूण त्यांना कशी कळे, तुटक रेघ कुठे काय सांगे, हे त्या सांगतात तेव्हा आपण चित्रकलेबद्दल ऐकतो आहोत असे वाटत नाही. एखाद्या जुन्या पेढीतले कारकून मालकाच्या मोडी अक्षराबद्दल बोलत असावेत तसे वाटते.

लोकर सचिवालयाच्या त्या स्पर्धेचा वारसा आजही चालू आहे. १९६४ साली आलेल्या लोकरीच्या पिळाच्या चिन्हावरून तिचे नाव आता वूलमार्क पुरस्कार असे पडले आहे. २०१४ मध्ये तो मिळवणारा राहुल मिश्रा हा पहिला भारतीय, आणि त्यानेही मेरिनो लोकरीवर जे केले ते पाहणाऱ्याच्या आधी करणाऱ्याच्या हाताला, म्हणजे आपल्या भरतकाम करणाऱ्या कारागिरांना, डोळ्यांसमोर ठेवून केले होते.

बालमँकडे लागरफेल्ड सुमारे तीन वर्षे राहिला आणि १९५८ मध्ये झाँ पातूच्या दुकानात मुख्य रेखाटनकार झाला. त्या वर्षीच्या जुलैत त्याने तिथे आपला पहिला संग्रह दाखवला, तोही स्वतःच्या नावाने नव्हे तर रोलाँ कार्ल या नावाने. संग्रह पत्रकारांना आवडला नाही. काहींनी हुर्यो उडवली. त्यांनी नोंदवलेल्या गोष्टींत एक अशी होती की संध्याकाळच्या पोशाखांच्या पाठी फार खाली उतरवल्या आहेत. चार वर्षांपूर्वी पिवळ्या लोकरीत ज्या पाठीला बक्षीस मिळाले होते, तीच पाठ आता झग्यांवर आली होती.